चंद्रोदयाची वेळ कुणी काढली?



संकष्टीच्या दिवशी बचत गटाची बैठक असली की रात्री आठनंतर कुणाचं लक्ष हिशेबात राहत नाही. पासबुकं मांडीवर आणि नजर दाराकडे. एकजण विचारतेच, "चंद्र निंघाला का वं?" एका गावात तर मोठाच वाद झाला. भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली वेळ व्हायला अजून अवकाश होता, पण शेजारच्या कवेलूंवरून चंद्र डोकावत होता. एक काकू म्हणाल्या, "कॅलेंडर चुकलं." दुसऱ्या म्हणाल्या, "छापलेलं कसं चुकंल? हा चंद्रच नाही धरत." उपास सोडायचा की थांबायचं यावर दोन तट पडले.

खरं तर कॅलेंडरही बरोबर होतं आणि चंद्रही. ती वेळ मुंबईची होती. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून जे गाव पूर्वेला त्याला सूर्य-चंद्र आधी दिसतात. एका अंश रेखांशाला चार मिनिटं. यवतमाळ मुंबईच्या पूर्वेला पाच अंशांहून थोडं जास्त, म्हणजे आपल्याकडे चंद्र मुंबईपेक्षा साधारण एकवीस मिनिटं आधी उगवतो. नागपूरला आपल्याही आधी चारेक मिनिटं. काही कॅलेंडरांत मागच्या पानावर गावोगावच्या वेळा बारीक अक्षरात दिलेल्या असतात, त्या बघायच्या. दिवसभर उपाशी राहिलेल्या बाईला वीस मिनिटं म्हणजे किती, हे आम्ही तुम्हाला काय सांगावं!

पण त्या वादातून आम्हाला वेगळाच प्रश्न पडला. ही वेळ वर्षभर आधी छापून येते. पुढच्या वर्षीच्या माघातल्या चतुर्थीला चंद्र किती वाजता उगवणार, हे कुणाला कसं कळतं? त्याचा शोध घेत गेलो तेव्हा कळलं की या एका ओळीमागे आठ-नऊशे वर्षांची मेहनत आहे, भांडणं आहेत, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राची माणसं बरीच आहेत.

आधी अडचण काय आहे ते बघू. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. रोज नेमकी पन्नास असती तर शाळेतल्या पोरानंही वर्षाचं गणित मांडलं असतं. पण चंद्र एका चालीनं चालत नाही. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. ती कधी वीस तासांत संपते, कधी सत्तावीस तास लांबते. म्हणून तर एखादी तिथी क्षय होते, एखादी दोन दिवस राहते, आणि एकादशी आज की उद्या यावर सासू-सुनेचं जुंपतं.

चंद्राची ही कमी-जास्त होणारी चाल आपल्या लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. भास्कराचार्यांचं नाव तुम्ही 'लीलावती'मुळे ऐकलं असेल. त्यांचा जन्म १११४ चा. 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी ११५० मध्ये लिहिला. त्यात ते सांगतात की चंद्राची आजची आणि उद्याची जागा बघून दिवसाची सरासरी काढणं पुरेसं नाही, त्या क्षणाची गती काढली पाहिजे. त्याच ग्रंथाच्या 'गोलाध्याय' भागात त्यांनी म्हटलंय की पृथ्वीला ओढून घेण्याची शक्ती आहे. जड वस्तू तिच्याकडे ओढली जाते आणि आपल्याला ती पडल्यासारखी वाटते. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे.

इथे आम्हाला एक सांगायचंय. 'गुरुत्वाकर्षण आपल्याकडेच आधी सापडलं' असे निरोप मोबाईलवर फिरत असतात. भास्कराचार्यांनी जे लिहिलं ते मोठंच होतं. पण झाडावरच्या आंब्याला ओढणारी शक्तीच चंद्रालाही ओढते, असं त्यांनी म्हटलेलं नाही. ग्रहांना प्रवह नावाचा वारा फिरवतो असं त्या काळी मानत, तेच त्यांनीही मानलं. माणूस मोठा ठरायला त्याच्या नावावर दुसऱ्याचं काम चढवावं लागत नाही.

पुढे १५२० मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' लिहिला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाश बघून जुन्या पोथ्यांची गणितं तपासणारे होते. मुलानं ते काम पुढे नेलं आणि गणित इतकं सोपं करून ठेवलं की गावोगावच्या जोशांना ते करता यायला लागलं. पुढची तीन-साडेतीनशे वर्षं महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं 'ग्रहलाघवा'वरच निघत होती.

आता जरा विलायतेत जाऊन येऊ. १६८७ मध्ये न्यूटनचा ग्रंथ निघाला. त्यात चंद्राचं कोडं सुटलं, ते असं. पृथ्वीची ओढ तिच्या अंगापाशी संपत नाही. ती सगळीकडे पसरलेली असते, फक्त लांब जावं तशी कमी होते. चुलीपाशी धग जास्त आणि ओट्यावर कमी, तसं. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई, तिप्पट झालं की नववा हिस्सा. अशा पसरलेल्या ओढीला शास्त्रात गुरुत्वीय क्षेत्र म्हणतात. आपण पृथ्वीच्या मध्यापासून जितके दूर आहोत त्याच्या साठपट दूर चंद्र आहे. म्हणजे तिथे ओढ साठ गुणिले साठ, तीन हजार सहाशेवा हिस्सा. इथे आंबा सुटला की पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो. त्याला ३६०० ने भागा. दीड मिलिमीटरही होत नाही, तिळाच्या दाण्यापेक्षा कमी. चंद्र दर सेकंदाला आपल्या सरळ वाटेपासून नेमका तेवढाच पृथ्वीकडे वळतो.

म्हणजे चंद्रही पडतोच आहे! पण त्या एका सेकंदात तो आडवा एक किलोमीटर पुढे गेलेला असतो. पृथ्वी गोल, त्यामुळे तो जेवढा पडतो तेवढीच जमीन खाली वळलेली असते, आणि पडणं कधी संपत नाही. ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला गोफण फिरवतात ती डोळ्यांपुढे आणा. दोरीच्या ओढीनं दगड गोल फिरतो, दोरी सुटली की सरळ जातो. चंद्राला दोरी दिसत नाही एवढाच फरक.

आणि चाल कमी-जास्त का? चंद्राची वाट अगदी गोल नाही, थोडी लांबट आहे. कधी तो ३ लाख ५६ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी ४ लाख ६ हजारांवर जातो. नागपंचमीचा झोका आठवा. खाली येताना वेग वाढतो, वर चढताना मंदावतो. चंद्र पृथ्वीकडे येताना तासाला ३९०० किलोमीटरपर्यंत पळतो, लांब गेला की ३५०० वर येतो. तिथी वीस तासांची की सत्तावीस तासांची, हे मुख्यतः या झोक्यावर ठरतं. त्यात सूर्यही चंद्राला आपल्याकडे ओढतो. तीन जणांची ही ओढाताण इतकी किचकट आहे की खुद्द न्यूटनला ती पुरती सोडवता आली नाही.

हे गणित मार्गी लावायला पुढे फ्रान्सच्या लोकांनी फार कष्ट घेतले, आणि त्यात एक बाई होती. निकोल-रेन लेपोत. हॅलेचा धूमकेतू पुन्हा कधी दिसणार हे काढायचं होतं. त्यासाठी गुरू आणि शनी त्याला वाटेत किती ओढतात याचे दीडशे वर्षांचे आकडे मांडायचे होते. १७५७-५८ मध्ये लेपोत, लालांद आणि क्लेरो हे तिघं महिनोन् महिने सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोड करत बसले. त्यांनी सांगितलेल्या तारखेच्या साधारण महिनाभर आधी, मार्च १७५९ मध्ये, धूमकेतू सूर्याजवळ पोचला. जगात वाहवा झाली. पण क्लेरोनं पुस्तक छापलं तेव्हा लेपोतबाईचं नाव गाळलं. लालांदनं मात्र तिचं श्रेय लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ती माहीत आहे. बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक मावशी पटकन बोलल्या, "सातबाऱ्यावानीच झालं वं तिचं. राबली थे, नाव दुसऱ्याचं."

परत आपल्या पंचांगाकडे. 'ग्रहलाघव' चांगला होता, पण चारशे वर्षांत बारीक फरक साचत जातात. जुन्या सूर्यसिद्धांतातलं वर्षच घ्या. ते खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा साडेतीन मिनिटांनी मोठं आहे. वर्षाला साडेतीन मिनिटं म्हणजे काहीच नाही. हजार वर्षांत मात्र ते जवळपास अडीच दिवस होतात. एकोणिसाव्या शतकात पंचांगातल्या वेळा आणि आकाश यांचा मेळ बसेना. ग्रहणाची वेळ चुकली तर लोकांना दिसतंच, तिथे झाकाझाकी चालत नाही.

मग अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे पुढे आले. ते गणिताचे प्राध्यापक, लोकमान्य टिळकांचे गुरू. त्यांनी फ्रेंच कोष्टकांच्या आधारानं १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापलं आणि पुढच्या काही वर्षांत नव्या गणिताचं पंचांग सुरू झालं. आश्रय देणाऱ्या पटवर्धनांच्या नावानं त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. लोकांनी ते सहज घेतलं असं नाही. धर्माचं काम विलायती आकड्यांवर कसं करायचं, असा प्रश्न आला. पोथीत आहे ते खरं की डोळ्यांना दिसतं ते खरं? हा वाद पुढे पन्नास-साठ वर्षं चालला.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला आणि पूर्वीच्या प्रत्येक पंचांगकर्त्यानं काय सुधारलं हे दाखवून दिलं. त्याचा अर्थ सरळ होता. आकाश बघून गणित दुरुस्त करणं हा धर्मबुडवेपणा नाही, ही तर आपली जुनी रीत. वेंकटेश बापूजी केतकर हे दुसरे. शाळेत शिकवणारा हा माणूस, त्यानं 'ज्योतिर्गणित' लिहून नवं गणित जुन्या पद्धतीत बसवून दिलं. १९११ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं की नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत, आणि त्यांतल्या एकाला सूर्याभोवती फिरायला सुमारे २४२ वर्षं लागत असावीत. १९३० मध्ये प्लूटो सापडला, त्याची फेरी २४८ वर्षांची निघाली. केतकर त्याच वर्षी वारले. हा जुळलेला आकडा किती गणिताचा आणि किती योगायोगाचा यावर जाणकारांचं एकमत नाही. बाकीचं काम मात्र पक्कं होतं, आणि कित्येक पंचांगं त्यावर निघाली.

नवं गणित मानणाऱ्यांतही भांडण राहिलंच. मोजायला सुरुवात कुठल्या ताऱ्यापासून करायची? टिळकांची बाजू रेवती ताऱ्याची, केतकर पुढे चित्रा ताऱ्याकडून. दोन्हींत जवळपास चार अंशांचा फरक, म्हणून संक्रांत चार दिवस मागे-पुढे आणि काही वर्षी अधिकमासच वेगळा. एका घरचा अधिक श्रावण, तर शेजारच्या घरी नाही!

स्वातंत्र्यानंतर देशात अशी तीसच्या आसपास पंचांगं चालू होती. १९५२ मध्ये सरकारनं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात आपल्या विदर्भाचे, नागपूरचे डॉ. केशव लक्ष्मण दप्तरी होते. १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी शके सांगतात ती हीच. ती घराघरांत काही गेली नाही. घरात १९७३ पासून 'कालनिर्णय' आलं आणि तेच राहिलं. पण चंद्र-सूर्याचं गणित आता सगळीकडे नव्या पद्धतीनंच होतं. कोलकात्याचं खगोल केंद्र दर वर्षी राष्ट्रीय पंचांग काढतं, मराठीतही. हे केंद्र भारतीय हवामान विभागाच्या हाताखाली आहे, हे लक्षात ठेवा. त्याचं काम पुढे पडणार आहे.

गेल्या ७ सप्टेंबरला, २०२५ ला, खग्रास चंद्रग्रहण होतं. दहाला दोन मिनिटं कमी असताना सुरुवात आणि अकराच्या सुमारास पूर्ण, असं आधीच छापलेलं होतं. आम्ही काही बाया मोबाईलचं घड्याळ समोर धरून ओसरीत बसलो. ढग येत-जात होते. एका फटीतून दिसलं तर कडेला काळी चिमट बसायला लागली होती, वेळेबरहुकूम. राहू-केतू म्हणतात ते राक्षस नव्हेत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू. त्यांच्याजवळ पौर्णिमा आली की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. आर्यभटांनी ४९९ मध्ये लिहिलंय की ग्रहण म्हणजे सावली. तरी त्या रात्री त्याच घरात सातव्या महिन्याची सून आतल्या खोलीत होती. पाणी नाही, सुरी-विळा नाही, कूस बदलायची नाही. आमच्यातल्या एका आजीनंच उठून तिला पाणी दिलं. म्हणाल्या, "सावलीच हाय ना? मंग उन्हात झाडाखाली बसते तवा काय होते तिले?"

कॅलेंडरच्या त्याच चौकटीत दोन प्रकारच्या गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या असतात, हे तेव्हा आम्हाला नीट उमगलं. चंद्रोदय, ग्रहण, तिथी ही एक जात. ही रोज आकाशाशी ताडून बघता येते, चुकली की कुणीतरी दुरुस्त करतं. छत्रे, केतकर यांनी तेच केलं. दुसरी जात नक्षत्राच्या वाहनाची. मृगाचं वाहन बेडूक की गाढव, त्यावर पाऊस किती. हे वाहन कसं काढतात माहीत आहे? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकी उरेल त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक ठरतो. गणित बरोबरच असतं. पण एकच बेडूक आंबोलीलाही, माणदेशालाही आणि आपल्या घाटंजीलाही! आणि पाऊस पडला नाही म्हणून कुणी हा नियम बदलल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही.

हे आज बोलायचं कारण म्हणजे यंदा, २०२६ मध्ये, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, आणि मृग ८ जूनच्या आसपास लागतो. प्रत्येक बैठकीत प्रश्न येतोय, "धोंड्याचा महिना आला, मंग पाऊस महिनाभर लांबन का?"

नाही. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, वर्ष ३६५ चं. अकरा दिवसांची ही तूट भरायला सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालतात. ते फक्त नावांचं जुळवणं आहे, ऋतू त्याच्यानं हलत नाही. तुम्ही बघितलंय का, अनारसे-जावयाचा हा महिना बहुतेक उन्हाळा-पावसाळ्यातच येतो, मार्गशीर्ष-पौषात जवळपास कधीच नाही? तेही त्याच झोक्यामुळे. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते, भरभर चालते. सूर्य धनू राशीतून साडेएकोणतीस दिवसांच्या आत निघून जातो, जास्तीच्या महिन्याला जागाच उरत नाही. जुलैत ती लांब असते, मिथुन राशीला साडेएकतीस दिवस लागतात. तिथे महिना मावतो.

मृगाचंही असंच. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, कारण सूर्य-चंद्र तिच्या फुगीर मध्याला ओढतात. त्यामुळे नक्षत्रं ऋतूंच्या मानानं सत्तरेक वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. दीड हजार वर्षांपूर्वी मृग मेच्या मध्याच्या आसपास लागायचा. आज तो जूनमध्ये आहे, आणखी दीडेक हजार वर्षांनी जुलैत जाईल. पाऊस त्याच्या मागे जाणार नाही.

तेच हवामान खातं शंभर वर्षांनंतरचं ग्रहण मिनिटावर सांगतं आणि पुढच्या पंधरवड्याचा पाऊस सांगताना 'शक्यता' म्हणतं. बाया त्यावर हसतात. पण चंद्राच्या गणितात ओढणारे मोजके, वाट ठरलेली. पावसात समुद्राची ऊब, वारा, डोंगर, ढग, सगळंच हलणारं. म्हणून पावसाच्या बाबतीत आधीच्या आकड्यावर नाही, पडलेल्या पावसावर चालायचं. कृषी विभागाचं सांगणं आहे, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पहिल्या सरीला सोयाबीन पेरलं, सरकी टोबली आणि पुढे दोन आठवडे उघाड पडली, की बियाण्याची बॅग मातीत जाते. दुबार पेरणीचं कर्ज पुन्हा गटातूनच निघतं, आणि फेडायला बहुधा बाईच मजुरीला जाते.

म्हणून यंदा आमच्या काही गटांनी बियाण्याच्या कर्जाच्या वहीत एक रकाना वाढवलाय. मंडळात आजवर किती पाऊस झाला, तो आकडा. बाजूला तारीख आणि वही बघणाऱ्या दोघींच्या सह्या.